फुंकरमामांचा बिल्ला

कारखान्यात माझ्या मामांना सगळे फुंकरमामा म्हणायचे, मुकादमापासून क्रेनवाल्यापर्यंत सगळे. सख्खे मामा ते माझे एकटीचे, पण त्या नात्यावर माझा म्हणून काही हक्क उरलाच नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, लोखंडी पाइपांत फुंकर मारली. असं सांगितलं की लोक हसतात. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "मामा काय करतात?" मी खरं ते सांगितलं, तर त्यांना वाटलं पोरगी आगाऊ आहे. शेवटी त्यांच्याच मुलाने त्यांना समजावलं. तो त्याच कारखान्यात कामाला होता आणि मामांच्या फुंकरीवर त्याचा जीव टांगलेला होता. आईला त्याने तेवढं मात्र सांगितलं नाही.

आमच्याकडे लोखंडावर जस्त चढवतात. जिन्यांचे कठडे, दिव्यांचे खांब, पाण्याचे पाइप, गोठ्यांची फाटकं, जे जे उघड्यावर राहून गंजणार ते सगळं आमच्या दारात येतं. आधी तेजाबात बुडवून त्याचा गंज काढायचा, मग धुवायचं, मग नवसागराच्या पाण्यातून काढून वाळवायचं आणि शेवटी कढईत बुडवायचं. कागदोपत्री तिला 'झिंक बाथ' म्हणतात, पण कागद भरणारा सोडला तर सगळे कढईच म्हणतात. सात मीटर लांब, माणूस उभा राहिला तर डोकं बुडेल इतकी खोल, आणि आत साडेचारशे अंशांवर वितळलेलं जस्त. तापलेलं लोखंड लाल होऊन भीती तरी घालतं. हे जस्त नुसतं चमकत पडलेलं असतं, वर दुधासारखी साय धरून. नवीन माणसाला आपली धास्ती वाटावी म्हणून ते काहीएक करत नाही.

कढईच्या तळाशी वीतभर शिसं असतं. शिसं जस्तापेक्षा जड आणि दोघांचं काही केल्या जमत नाही, एकमेकांत मिसळतच नाहीत. कढईत लोखंड बुडवून बुडवून जो चिखलासारखा गाळ तयार होतो तो त्या शिशावर जाऊन बसतो, तळाला चिकटत नाही, म्हणून काढायला सोपा जातो. मामा तरुणपणी दोन वर्षं खाणीत होते. तिथे ही दोन्ही एकाच दगडात सापडायची. दगड दळायचा, पाण्यात औषधं घालून फेस आणायचा, पहिल्या फेसावर शिशाची भुकटी वर येते, औषध बदललं की दुसऱ्या फेसावर जस्ताची. "एवढा खटाटोप करून माणसांनी दोघांना वेगळं केलं," मामा म्हणायचे, "आणि आमच्या कढईत पुन्हा शेजारी आणून बसवलं. तरी बोलत नाहीत एकमेकांशी." मग मामीकडे बघून, "आमच्यासारखंच." मामी कुकर उतरवता उतरवता म्हणायची, "त्यातलं खाली जड होऊन बसलेलं कोण, तेही सांगा की भाचीला."

आता फुंकरीचं. पोकळ पाइप दोन्हीकडून बंद असेल आणि आत पाण्याचा थेंब राहिला असेल, तर कढईत गेल्यावर त्या पाण्याची एका क्षणात वाफ होते. वाफेला जागा लागते. जागा मिळाली नाही की पाइप फाटतो आणि वितळलेलं जस्त छपरापर्यंत उडतं. त्यामुळे प्रत्येक पोकळ वस्तूला भोकं हवीत, आत हवा खेळती हवी. वस्तू बनवणाऱ्यांना हे पटत नाही. एवढा सुबक कठडा केला आणि त्याला भोक पाडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. मग ते बाहेरून दिसेल असं एक भोक पाडतात आणि आतलं, जोडाच्या पोटातलं, तसंच ठेवतात. वेल्डिंग झाल्यावर ते कोणाच्या बापाला दिसत नाही.

मामांच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी असंच एक फाटक आलं होतं. ते खांद्यावरून कढईपर्यंत मामांनीच नेलं. त्यांना काम शिकवणारे वस्ताद कढईच्या काठावर होते. त्या दिवशी वस्तादांचा एक डोळा आणि एक कान गेला. छपराच्या तुळईवर उडालेल्या जस्ताचा एक थेंब अजून तसाच चिकटलेला आहे, मी स्वतः पाहिलाय. फाटकाला भोक आहे की नाही हे बघायचं काम कोणाचं होतं, याची पुढे चौकशी झाली. कोणाचंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मामांनी ते आपल्याकडे घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी नकोही म्हटलं नाही.

त्यांची पद्धत साधी होती. खिशात बोटभर रबरी नळी. तिचं एक टोक पाइपच्या भोकात, दुसरं तोंडात. पाइपच्या दुसऱ्या तोंडाला पातळ कागदाची ओली पट्टी चिकटवायची. फुंकर मारली आणि पट्टी फडफडली की वाट मोकळी. वाट बंद असेल तर फुंकर परत येते आणि गाल फुगतात. मग ती वस्तू बाजूला. मोकळी असेल तर तिला तारेने एक पत्र्याचा बिल्ला बांधायचा, त्यावर खिळ्याने ठोकलेले तीन ठिपके. खडूची खूण तेजाबात धुऊन जाते, बिल्ला राहतो. तो वस्तूबरोबर कढईत जातो आणि जस्त लेवून बाहेर येतो. मामीच्या घरात असे शेकड्याने बिल्ले होते. दाराखालचा अटकाव, डुगडुगत्या टेबलाखालची पाचर, दोऱ्याला बांधून पडद्याचं वजन, सगळीकडे तीन ठिपके.

आणखी एक नियम मामांनी स्वतःला घातला होता. ज्याचा बिल्ला, त्याने ती वस्तू बुडेपर्यंत कढईच्या काठाशी उभं राहायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही. मुकादम म्हणायचा, "मामा, इथे तुमचं काय काम? जा, चहा घ्या." मामा म्हणायचे, "खोटा निघाला तर पहिला मी भाजेन. म्हणजे खोटा निघणार नाही." पस्तीस वर्षांत एकही पाइप फुटला नाही. लोकांनी मागून चेष्टा पुष्कळ केली. घरी कुकरची शिट्टी उचलून, खालच्या भोकातून उजेड बघितल्याशिवाय मामा जेवायला बसत नाहीत, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं, कारण ते मीच सांगितलं होतं.

मी त्याच कारखान्यात पुढच्या टोकाला आहे. माल थंड झाला की यंत्राने त्यावरच्या जस्ताची जाडी मोजायची. जाडी पुरेशी असेल तर पुढे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं आणि लोखंड वर्षानुवर्षं टिकतं. ही नोकरी मला मामांनी लावून दिली, आणि नवराही त्यांनीच. तो कढईवर साय ओढतो. लांब दांड्याच्या फळीने वरची राखट साय बाजूला सारायची, कढई आरशासारखी स्वच्छ झाली की क्रेनवाल्याला हात करायचा. वस्तू बुडते तेव्हा तो काठापासून दोन हातांवर असतो. मामांना जावई बघताना माणूस घाबरट नको होता. "जो घाबरतो तो मागे बघतो, आणि मागे बघणारा कढईत जातो," असं त्यांचं गणित. माझ्या पसंतीचा नंबर त्यानंतर लागला.

गेल्या दोन वर्षांत मामांचा दम जायला लागला. आधी जिन्यात थांबायचे आणि खिडकीतून बाहेर काहीतरी बघितल्यासारखं करायचे. आमच्या जिन्याच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते. कारखान्यात एका पाइपनंतर बसायला लागले. मामीने माझ्यामागे टुमणं लावलं, "तू ने त्यांना डॉक्टरकडे. माझं ऐकलं तर ते तुझे मामा कसले?" मी नेलं. डॉक्टरीणबाईंनी हातात एक नळी दिली, तिच्यावर आकडे आणि एक काटा. म्हणाल्या, "जोरात फुंका, काका."

मला हसू आवरेना. म्हटलं, बाई, तुम्ही कोणाला सांगताय. मामांनी मिशीवरून हात फिरवला, छाती भरून घेतली आणि फुंकलं. काटा जरासा सरकला आणि थांबला. त्यांनी पुन्हा फुंकलं. तिसऱ्या वेळी खोकला आला आणि तो काही केल्या थांबेना. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं, फुप्फुसं निम्म्याहून कमी. नवसागराचा धूर, इतकी वर्षं, त्या म्हणाल्या. काम हलकं करा.

बाहेर बाकावर बसून मामांनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला, नळीच्या शेजारी.

"हे कारखान्यात कळता कामा नये," ते म्हणाले.

"मामा, पण..."

"कळलं तर मला फाटकावर खुर्ची टाकून बसवतील. आणि फुंकायला कोण येईल? तारा घालून बघणारे. तार जाते कोपऱ्यापर्यंत आणि अडते. ती वळली की अडली, हे तारेला सांगता येतं का? तुझा नवरा कढईपाशी उभा असतो. तुला चालेल?"

मी म्हटलं, सायकलचा पंप घेऊ. त्याला जोडून घेऊ नळी. मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना कुबड्याच देऊ केल्या होत्या. "पंपाला काय कळतं? फुंकर परत येते ती गालाला कळते." मग जरा वेळाने, "सवकाश करीन. दोनाचे चार तास लावीन. पण करीन. तू कोणाला सांगणार नाहीस."

मी कोणाला सांगितलं नाही. वर्षभर मूग गिळून बसले. मला माझ्या मामांची लाज राखायची होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची फुंकर संपलीय हे स्वतःलाही कबूल करायचं नव्हतं. लहानपणी गुडघा फुटला की त्यांच्याच फुंकरीने तो बरा व्हायचा. रोज सकाळी नवरा जाड बूट घालताना मी त्याच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. रोज संध्याकाळी तो परत आला की म्हणायचे, चला, आजचा दिवस निभावला.

मग पादचारी पुलाच्या कठड्यांचा माल आला. चाळीस चौकटी. प्रत्येकीला दोन पोकळ खांब, वर दोन्ही खांबांना जोडणारा हात ठेवायचा पोकळ पाइप, आणि मध्ये उभे भरीव गज. एका खांबाच्या पायातून फुंकलं की हवा वर जाऊन, पाइपातून आडवी होऊन, दुसऱ्या खांबाच्या पायातून बाहेर यायला हवी. दोन्ही जोडांच्या पोटात भोकं असतील तरच येईल. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. फुंकरीशिवाय गत्यंतर नाही, असा माल.

चौकटी सकाळी उतरल्या. जेवणाच्या सुट्टीत मी तिथून चालले होते तर चाळीसच्या चाळीस चौकटींना तीन ठिपक्यांचे बिल्ले. मी तिथेच थांबले. धडधाकट असताना मामांना अशा चाळीस चौकटींना अख्खा दिवस लागला असता. आता तीन तासांत झाल्या होत्या. मामा शेवटच्या चौकटीला पाठ टेकून जमिनीवर बसले होते, ओठ जांभळट, हातात कागदाच्या पट्ट्यांचा गठ्ठा. एकही पट्टी ओली नव्हती.

माझ्या जिभेवर आलं होतं, "मामा, फुंकलंत?" दोन शब्द. मी म्हणाले, "मामा, चहा घेतलात का?"

"घेतला," ते म्हणाले. तोही घेतलेला नव्हता.

चौकटी तेजाबात गेल्या, धुतल्या गेल्या, नवसागरातून निघाल्या, वाळत लागल्या. त्या संध्याकाळी नवरा जेवताना सांगत होता की उद्या पुलाचा माल आहे, मोठं काम आहे, मुकादम आत्तापासून डोक्यावर बसलाय. मी त्याला आणखी वाढलं. तो म्हणाला, "आज फार लाड चाललेत." मी हसले. त्या हसण्याची मला अजून शरम वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जागा सोडून कढईकडे गेले. काम काही नव्हतं, पाय तिकडे वळले. पहिली चौकट क्रेनला लटकत येत होती. नवरा साय ओढत होता. मामा नियमाप्रमाणे आले, नाकाला रुमाल लावून, आणि नेहमीच्या जागी थांबायचं सोडून सरळ नवऱ्याजवळ गेले. त्याच्या हातातल्या दांड्याला हात घातला.

"आण इकडे. तू मागे हो."

"का?"

"हो म्हणतो ना. आज साय मी ओढतो. जरा सवय मोडलीय, बघू जमतं का."

मला सगळं कळलं. मामांना त्या बिल्ल्यांची खात्री नव्हती. खोटं निघालं तर ते आपल्या अंगावर यावं, एवढीच तजवीज ते करत होते.

नवऱ्याने दांडा सोडला नाही. तो हसला. "मामा, या चौकटीला बिल्ला तुमचाच आहे ना?"

"आहे."

"मग मी मागे कशाला होऊ? आजवर कधी झालोय का?"

एवढं बोलून त्याने साय बाजूला सारली, कढई लखलखीत केली आणि क्रेनवाल्याला हात केला. चौकट खाली यायला लागली. मामा त्याच्या तोंडाकडे बघत होते. चौकटीचे पाय जस्तापासून वीतभर उरले असतील, तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले. ओरडायला गेले, पण आवाज फुटला नाही, नुसता खोकला आला. मग मी ओरडले. इतक्या जोराने मी आयुष्यात कधी ओरडले नसेन. क्रेन थांबली.

चौकट वर गेली, बाजूला आली, जमिनीवर टेकली. मामांनी खिशातून पक्कड काढली आणि बिल्ल्याची तार तोडली.

मुकादम धावत आला. "मामा, काय चाललंय हे? माल आज जायचाय!"

"हा बिल्ला खोटा आहे," मामा म्हणाले. एकेका शब्दाला श्वास घेत म्हणाले. "चाळीसही खोटे आहेत. मी एकही चौकट फुंकलेली नाही."

"फुंकली नाही म्हणजे?"

"माझ्यात फुंकर राहिली नाही. वर्ष झालं. पुष्कळदा अर्धवट फुंकलंय, कधी नुसती तार घातलीय. काल तार पण घातली नाही."

मुकादमाने टोपी काढली, परत घातली. नवरा आधी मामांकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे. माझा चेहरा त्याला नीट वाचता येतो. त्याने वाचला.

मामांनी खिशातून नळी काढली, पाण्याच्या बादलीत खळबळून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "ये. तुला लहानपणी बासरी घेऊन दिली होती, आठवतंय? शेजारीपाजारी कंटाळले होते. बस खाली."

मी खाली बसले. मामा चौकटीच्या दुसऱ्या खांबाच्या पायाशी बसले. कागदाची पट्टी त्यांनी लावली नाही. तळहात बादलीत ओला केला आणि भोकापुढे धरला. "पोटातून फुंक. गालातून नको." मी फुंकलं. ओठांना नवसागराची खारट, बोचरी चव लागली. "आली," मामा म्हणाले.

क्रेनला लटकलेली ती चौकट मोकळी निघाली. दुसरी मोकळी, तिसरी मोकळी. दहाव्या चौकटीपर्यंत माझं डोकं गरगरायला लागलं आणि मुकादमाचं तोंड वाकडं झालं होतं, की उगीच एवढा तमाशा केला. सतराव्या चौकटीला फुंकर परत आली. गाल फुगले, कानात दडा बसल्यासारखं झालं. मामा म्हणत होते ते मला तेव्हा कळलं. ती खरंच गालालाच कळते.

"नाही आली," मामा म्हणाले. "पुन्हा."

पुन्हा नाही आली. मुकादमाने स्वतः ड्रिल आणलं आणि वरच्या पाइपला भोक पाडलं. पिवळट तेजाबाचं पाणी बाहेर आलं, चांगलं कपभर. जोडाला कुठेतरी सुईएवढी फट असणार, तिच्यातून आत गेलेलं. आम्ही सगळे त्या जमिनीवरच्या ओघळाकडे बघत राहिलो. नवऱ्याने हातमोजे काढले आणि तो तोंड धुवायला गेला. एकोणतिसावी पण तशीच निघाली. बाकीच्या अडतीस मोकळ्या होत्या.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बूट काढायच्या आधीच विचारलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"डॉक्टरकडे नेलं तेव्हापासून. वर्ष झालं."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"वाटलं. रोज वाटलं."

"आणि मी रोज तिथे उभा होतो," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. आठ दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला, मीठ दे, किल्ली कुठेय, एवढंच. नवव्या दिवशी त्याने मला सांगितलं की रात्री झोपेत त्याला त्या कपभर पाण्याचा आवाज येतो. मी खूप रडले. त्याने माझी पाठ थोपटली, पण 'जाऊ दे' म्हणाला नाही.

मामांना कामावरून काढलं नाही. मुकादमाने वर काय सांगितलं कोण जाणे. आता मी फुंकते आणि मामा समोर खुर्चीवर बसून ओला तळहात धरतात. माझ्या जागेवर जाडी मोजायला दुसरी मुलगी आली. बिल्ला मात्र मामांनी मला नवा करायला लावला, ठिपके तीनचे चार. "माझ्या नावावर फुंकू नकोस," म्हणाले. त्यांनी त्या दिवशी तोडलेला बिल्ला मामीने स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलाय. तो कढईत गेलाच नाही, त्यामुळे घरातल्या एवढ्या बिल्ल्यांत तोच एक गंजलाय. मामा म्हणतात, फेकून दे. मामी ऐकत नाही.

माझ्या बिल्ल्याचा पहिला माल बुडायचा होता तेव्हा मी कढईच्या काठाशी जाऊन उभी राहिले. नवऱ्याने साय सारली. क्रेनवाल्याला हात करायच्या आधी तो वळला.

"फुंकलंस?"

माझ्या चेहऱ्यावर उकळतं पाणी पडल्यासारखं झालं. मामांना त्याने इतक्या वर्षांत हे एकदाही विचारलं नव्हतं. चारचौघांत, सख्ख्या बायकोला! मी म्हटलं, "फुंकलं." तो वळला आणि त्याने हात केला.

त्या दिवशी मी मामांकडे जाऊन मनातलं सगळं बाहेर काढलं. मला वाटलं होतं, मामा माझी बाजू घेतील. मामांनी आधी श्वास जमवला.

"विचारू दे त्याला," ते म्हणाले. "मला पस्तीस वर्षांत कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोलायला जड गेलं असतं."

मला जेवणाच्या सुट्टीतला तो चहा आठवला. मामांनाही आठवला असावा, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

याला आता सात महिने झाले. आमचं घरात पहिल्यासारखं चाललंय, भांडणं धरून. पण माझ्या प्रत्येक मालाला, दिवसातून दहा वेळा असो की वीस वेळा, तो साय सारतो आणि हात करायच्या आधी माझ्याकडे वळतो.

"फुंकलंस?"

"फुंकलं," मी सांगते, आणि मग क्रेन खाली येते.